टोकेलाऊची सूर्यशक्ति



पॅसिफिक महासागराच्या विस्तारांत, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें नऊ अंशांवर, टोकेलाऊ नांवाचीं तीन बेटें आहेत. शाळेंतल्या नकाशांत तीं बहुधा सांपडत नाहींत. आणि सांपडलींच तर नांवाचीं अक्षरें बेटांहून मोठीं असतात. आताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो अशीं त्यांचीं नांवें. तिन्ही मिळून जमीन सुमारें १२ चौरस किलोमीटर भरते, आणि तेथील माणसांची संख्या दीड हजाराच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम खेड्याएवढी ही वस्ती. परंतु २०१२ सालीं या खेड्याएवढ्या मुलखाचें नांव जगभर झालें. दिवसाची आणि रात्रीची बहुतेक सारी वीज सूर्यापासून घेण्याची व्यवस्था एका संबंध मुलखानें उभारावी, ही गोष्ट तोंपर्यंत फारशी ऐकिवांत नव्हती.

त्या व्यवस्थेची हकीगत आज मी आपणांस सांगणार आहें. यंत्रांचें कौतुक करावें एवढाच यांत हेतु नाहीं. एका लहान लोकसमूहाला आपल्या घरचा दिवा आपल्या सत्तेनें लावतां येतो काय, आणि येत असेल तर त्यासाठीं त्याला कोणती किंमत द्यावी लागते, हा येथें खरा प्रश्न आहे. सूर्य फुकट मिळतो हें आपण सारेच जाणतों. परंतु रात्र फुकट मिळत नाहीं. आणि टोकेलाऊची सारी कथा या एका वाक्यांत आहे.

प्रथम त्या भूमीकडे पाहूं. हीं प्रवाळबेटें आहेत. मध्यें उथळ पाण्याचें सरोवर, त्याभोंवतीं प्रवाळाचें कडें, आणि त्या कड्यावर ठिकठिकाणीं वाळूचे व प्रवाळाच्या चुर्‍याचे अरुंद पट्टे. या पट्ट्यांवर माणसें राहतात. समुद्रसपाटीपासून पांच मीटरांहून उंच अशी जागा तेथें जवळजवळ नाहीं. डोंगर नाहीं, म्हणून नदी नाहीं. नदी नाहीं, म्हणून धबधब्यावर वीज करण्याचा प्रश्न नाहीं. पिण्याचें पाणी पावसाचें. २०११ सालीं दीर्घ अवर्षण पडलें तेव्हां पाण्यासाठीं आणीबाणी जाहीर करावी लागली होती. नारळ, फणसासारखें दिसणारें ब्रेडफ्रूट, केवडा आणि समुद्रांतील मासे, एवढें निसर्गाचें देणें.

तेथें विमान उतरत नाहीं. सामोआ देशाच्या आपिया बंदरांतून बोटीनें निघावें, तर सुमारें पांचशें किलोमीटर समुद्र ओलांडून एक दिवसाहून अधिक काळानें पहिलें बेट दिसतें. मोठ्या बोटीला लागण्यासारखा धक्काही नाहीं. बोट प्रवाळाच्या कड्याबाहेर उभी राहते. माणसें आणि माल सपाट तळाच्या होडक्यांत उतरवून, लाटांचा अंदाज घेत, कड्यांतील अरुंद वाटेनें आंत आणावा लागतो. तांदूळ, पीठ, औषधें, पत्रे, सिमेंट, सारें याच वाटेनें येतें. आणि २०१२ पर्यंत विजेचें तेलही याच वाटेनें येत असे.

आपल्याकडील एका बेटाची गोष्ट शेजारीं ठेवून पाहिली म्हणजे टोकेलाऊची अडचण नीट ध्यानांत येईल. मुंबईजवळचें घारापुरी बेट लेण्यांमुळें सर्वांच्या परिचयाचें आहे. तेथील गांवांना संध्याकाळचे कांहीं तास डिझेलच्या जनित्रावर काढावे लागत. २०१८ सालीं समुद्राच्या तळांतून सुमारें साडेसात किलोमीटर लांबीची विजेची तार नेण्यांत आली आणि तो प्रश्न सुटला. किनारा दिसण्याइतका जवळ होता, म्हणून तार पोंचली. टोकेलाऊला तार कोठून न्यावी? शेजारचा सामोआ स्वतःच एक लहान देश, आणि मध्यें पांचशें किलोमीटर खोल पाणी. अशा बेटाला आपली वीज आपल्याच वाळूवर निर्माण केल्यावांचून गत्यंतर नसतें.

ती वीज डिझेलवर निर्माण होई. डिझेलचें यंत्र इमानी असतें. तेल घाला, कीं तें चालतें. परंतु त्या तेलाचा भाव टोकेलाऊ ठरवीत नव्हतें, वाहतुकीचें भाडेंही ठरवीत नव्हतें, आणि बोट कोणत्या दिवशीं येईल हें तर समुद्रच ठरवी. तेलापायीं दरवर्षीं सुमारें ८ लक्ष न्यूझीलंड डॉलर खर्च होत. मासेमारीच्या परवान्यांचें उत्पन्न आणि न्यूझीलंडची मदत यांवर ज्या मुलखाचा संसार चालतो, त्याला हा खर्च जड होता. शिवाय ज्या सरोवरावर मुलें पोहतात आणि जेथें मासे मिळतात, त्याच्याच कांठीं तेलाचीं पिंपें चढवावीं-उतरवावीं लागत. एखादें पिंप निसटलें तर दुसरें सरोवर कोठून आणावें?

आतां सूर्याकडे वळूं. विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळें तेथें बारा महिने दिवस आणि रात्र जवळजवळ सारखीं असतात. आपल्या पावसाळ्यासारखा चार महिन्यांचा अंधारा काळ तेथें नाहीं, जरी ढग आणि वादळें आहेत. एक किलोवॅट शक्तीचे सौरफलक अशा प्रदेशांत दिवसाला साधारणपणें चार युनिट वीज देतात. सिलिकॉनच्या पातळ चकत्यांवर प्रकाश पडला कीं त्यांतील विद्युत्कण चळतात आणि प्रवाह वाहूं लागतो. फलकांत फिरणारा एकही भाग नाहीं, जळणारें कांहीं नाहीं, आवाज नाहीं. हे सिलिकॉनचे घट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९५४ सालीं प्रथम सिद्ध झाले. प्रारंभीं ते इतके महाग होते कीं कृत्रिम उपग्रहांनाच काय ते परवडत. गेल्या कांहीं दशकांत त्यांची किंमत इतकी खालीं आली आहे कीं आज फलक हा अशा व्यवस्थेंतील अवघड भाग राहिला नाहीं. अवघड भाग आहे तो रात्रीचा.

खेड्यांतील विजेची गरज सूर्याच्या वेळापत्रकानें चालत नाहीं. दुपारीं बारा वाजतां फलक भरभरून वीज देतात, तेव्हां माणसें समुद्रावर किंवा शाळेंत असतात. सूर्य मावळतो, त्याच वेळीं घरोघरीं दिवे लागतात, पंखे फिरतात, स्वयंपाक होतो. मासे ठेवण्याच्या शीतपेटीला तर दिवस आणि रात्र हा भेदच ठाऊक नाहीं. म्हणून दुपारची वीज रात्रीं हातीं यावी यासाठीं ती कोठें तरी सांठवावी लागते. आणि वीज ही धान्यासारखी कणगींत भरून ठेवतां येत नाहीं. तिला रासायनिक रूप द्यावें लागतें. हें काम बॅटरी करते.

टोकेलाऊंत बसविल्या त्या शिशाच्या बॅटर्‍या. ही युक्ति जुनी आहे. फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यानें ती १८५९ सालीं शोधली, आणि मोटारगाडी सुरू करण्यासाठीं आपण अद्यापि तीच वापरतों. सौम्य केलेल्या गंधकाम्लांत शिशाच्या पट्ट्या असतात. वीज देतांना पट्ट्यांवर शिशाच्या एका क्षाराचा थर बसतो. वीज भरतांना तो थर पुन्हां विरतो. परंतु हा थर दर खेपेस पूर्णपणें विरत नाहीं. बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केली, किंवा दीर्घकाळ अर्धवट भरलेली ठेवली, तर थर घट्ट होत जातो आणि बॅटरीची धारणशक्ति कमी होते. उष्णता हा तिचा दुसरा शत्रु. साधारण नियम असा सांगतात कीं तापमान दहा अंशांनीं वाढलें तर शिशाच्या बॅटरीचें आयुष्य निम्म्यावर येतें. आणि जो देश सूर्याचा म्हणून आपण निवडतों, तोच देश उष्णतेचा असतो!

२०१२ सालीं हें सारें सामान त्या होडक्यांतून वाळूवर उतरलें. तिन्ही बेटांवर मिळून ४,०३२ फलक, ३९२ इन्व्हर्टर आणि १,३४४ बॅटर्‍या बसविण्यांत आल्या. फलकांची एकंदर शक्ति सुमारें एक मेगावॅट. इन्व्हर्टर म्हणजे फलकांचा एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह घरगुती उपयोगाच्या उलटसुलट वाहणार्‍या प्रवाहांत बदलणारें यंत्र. बॅटर्‍यांचा आंकडा थोडा विचारांत घ्यावा असा आहे. माणसें दीड हजार आणि बॅटर्‍या साडेतेराशें; म्हणजे जवळजवळ माणशीं एक. रात्रीचें ओझें किती असतें, याचें याहून सोपें माप सांपडणार नाहीं.

प्रथम फाकाओफो, नंतर नुकुनोनू आणि शेवटीं आताफू, अशा क्रमानें त्या वर्षाच्या उत्तरार्धांत तिन्ही बेटांवर काम पुरें झालें. जुनीं डिझेलचीं यंत्रें काढून टाकलीं नाहींत. सलग ढगाळ दिवस आले तर तीं आधाराला ठेवलीं, आणि पुढेंमागें तीं खोबरेल तेलावर चालवावीं असाही विचार मांडण्यांत आला. कोंकणांतील श्रोत्यांना या कल्पनेचें नवल वाटूं नये.

आतां हिशोब करूं. या सार्‍या कामास सुमारें ७५ ते ८५ लक्ष न्यूझीलंड डॉलर लागले. पैसा न्यूझीलंड सरकारनें पुरविला. तेलाचा वार्षिक खर्च सुमारें ८ लक्ष डॉलर होता, हें आपण पाहिलेंच. म्हणजे तेलाचा खर्च संपूर्ण वांचला असें धरलें, तर सुमारें दहा वर्षांत भांडवल भरून निघतें. फलक वीस ते पंचवीस वर्षें टिकतात. तेव्हां उरलेलीं दहा-पंधरा वर्षें वीज फुकट, असें हिशोब करणारा आनंदानें म्हणेल. परंतु त्यानें बॅटरीचें वय विचारांत घेतलेलें नसतें. उष्ण प्रदेशांत रोज भरणारी आणि रोज रिकामी होणारी शिशाची बॅटरी चांगली जपली तरी साधारण आठ-दहा वर्षांत म्हातारी होते. जें वर्ष भांडवल फिटण्याचें, तेंच वर्ष बॅटर्‍या बदलण्याचें! ऋण फिटलें म्हणून पाटी पुसावी, तोंच तिच्यावर नवा आंकडा लिहावा लागतो.

या हिशोबांतून एक गोष्ट स्पष्ट होते. डिझेलवर जगणारा गांव तेल महिन्या-महिन्यानें विकत घेतो; सूर्यावर जगणारा गांव पुढील दहा-वीस वर्षांचें तेल एकाच दिवशीं विकत घेतो. दोन्ही ठिकाणीं खरेदी आहेच. भेद इतकाच कीं पहिला गांव रोज भावाच्या चढउतारानें हैराण होतो, आणि दुसरा गांव पुष्कळ वर्षें निश्चिंत राहतो व मग एके दिवशीं त्याच्यापुढें मोठी रक्कम उभी राहते. ही निश्चिंती हेंच सौरशक्तीचें मोठें सुख आणि हाच तिचा मोठा धोका. ज्या खर्चाची रोज आठवण होत नाहीं, त्याची तरतूद माणूस करीत नाहीं. आपल्या घराच्या छपराविषयीं आपण असेंच वागतों. पहिला पाऊस गळूं लागेपर्यंत कौलें आठवत नाहींत.

दुसरी अडचण यशांतूनच उत्पन्न झाली. दिवसरात्र वीज मिळूं लागली म्हणजे माणसें ती वापरूं लागतात, आणि त्यांनीं ती वापरावी यासाठींच तर हा खटाटोप असतो. घरीं मासे सांठविण्याची पेटी येते, कपडे धुण्याचें यंत्र येतें. पुढें २०२२ च्या सुमारास समुद्रतळावरील आंतरराष्ट्रीय दूरसंदेशाच्या तारेनेंही टोकेलाऊ जगाशीं जोडलें गेलें. त्याचीं यंत्रेंही विजेवरच चालतात. मागणी वाढत गेली, आणि जीं डिझेलचीं यंत्रें आधारापुरतीं ठेवलीं होतीं, त्यांना पुन्हां अधिक काम पडूं लागलें. तेव्हां आणखी फलक आणि नव्या जातीच्या बॅटर्‍या जोडण्याचें काम हातीं घ्यावें लागलें. कित्येकांनीं यावरून प्रयोग फसला असा निष्कर्ष काढला. मला तो रास्त वाटत नाहीं. विहीर खणली, तिच्या पाण्यावर मळा वाढला, आणि मळा वाढल्यामुळें पाणी कमी पडूं लागलें, तर विहीर फसली असें आपण म्हणत नाहीं. मात्र विहीर खणतांनाच मळा वाढणार हें धरून चालावें, इतका धडा त्यांतून घ्यावा.

नवी जात म्हणजे लिथियमची बॅटरी. हींत लिथियमचे विद्युत्भारित कण एका थरांतून दुसर्‍या थरांत जातात आणि परत येतात. जुन्या बॅटरीप्रमाणें पट्टीची झीज होत नाहीं. ती वजनानें हलकी, अधिक वेळां भरतां-रिकामी करतां येणारी आणि सांठविलेल्या विजेपैकीं शेंकडा ९० किंवा त्याहून अधिक परत देणारी आहे. १९९१ पासून ती बाजारांत आहे, आणि तिच्या तीन शिल्पकारांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. उष्णता तिलाही मानवत नाहीं. शिवाय ती बिघडली तर आगीचें भय अधिक. म्हणून तिच्यासाठीं सावली, थंडावा आणि सतत लक्ष ठेवणारी यंत्रणा लागते. खारा वारा तर बॅटरी, फलक, खिळा आणि तार यांपैकीं कोणालाच सोडीत नाहीं.

टोकेलाऊचा अनुभव इतर बेटांच्या अनुभवाशीं ताडून पाहिला तर बॅटरीचीं कामें एकच नसून तीन आहेत, असें आढळतें. अमेरिकन सामोआमधील ताऊ बेटावर सहाशेंहून कमी माणसें राहतात. तेथें २०१६ सालीं १.४ मेगावॅटचे ५,३२८ फलक आणि ६ मेगावॅट-तास वीज सांठविणार्‍या लिथियमच्या ६० पेट्या बसविल्या. तीन दिवस सूर्य दिसला नाहीं तरी बेटाचें काम चालावें, अशी ती योजना होती. फलकांनीं पूर्ण शक्तीनें चार तासांहून अधिक काळ दिलेली वीज त्या पेट्यांत मावते. येथें बॅटरीचें काम रात्र ओलांडण्याचें.

पलाऊ हा १९९४ सालीं स्वतंत्र झालेला, सुमारें अठरा हजार वस्तीचा देश. त्याच्या बाबेलदाओब बेटावर २०२३ सालीं १५.३ मेगावॅटचें सौरकेंद्र आणि १२.९ मेगावॅट-तासांची बॅटरी सुरू झाली. आंकड्यांची तुलना करा. पूर्ण शक्तीची तासाभराची वीजही त्या बॅटरींत मावत नाहीं. म्हणजे ती सबंध रात्रीसाठीं नाहीं. पॅसिफिकच्या आकाशांत ढग झपाट्यानें येतो आणि जातो. तो फलकांवरून सरकत असतांना विजेचा प्रवाह एकाएकीं कोसळूं नये, आणि संध्याकाळच्या भाराला थोडा हातभार लागावा, एवढ्यासाठीं ती आहे. येथें बॅटरीचें काम मुख्यतः ढग ओलांडण्याचें. डिझेलचीं यंत्रें तेथें अजून आपल्या जागीं आहेत.

तिसरें उदाहरण हिंदी महासागरांतील मॉरिशसचें. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून जे लोक तेथें गेले, त्यांत कोंकणांतून आणि देशावरून गेलेलीं मराठी कुटुंबेंही होतीं, आणि त्यांच्या वंशजांनीं आपली भाषा व गणेशोत्सव तेथें राखला आहे. त्या बेटाच्या पश्चिम भागांत, बांबू गांवाजवळ, २०१४ सालीं १५ मेगावॅटचें सौरकेंद्र सुरू झालें. मॉरिशसची लोकसंख्या बारा लक्षांहून अधिक आणि विजेची कमाल मागणी पांचशें मेगावॅटच्या वर. ती भागविण्यास तेल, दगडी कोळसा आणि उसाचें चिपाड हीं मुख्य साधनें. तेथें २०२१ पर्यंत एकंदर १८ मेगावॅटच्या बॅटर्‍या बसविल्या गेल्या. पांचशेंपुढें अठरा म्हणजे कांहींच नाहीं असें वाटेल. परंतु वीजजाळ्यांतील प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनें करीत असतो, आणि एखादें जनित्र बंद पडलें किंवा ढग आला तर ही गति तत्काळ ढळूं लागते. दुसरें यंत्र जोर धरूं लागण्यास अवधि लागतो. बॅटरी मात्र पापणी लवण्याच्या आंत मदतीस धांवते. येथें बॅटरीचें काम क्षण ओलांडण्याचें.

रात्र, ढग आणि क्षण. या तिन्हींत सर्वांत महाग आहे ती रात्र. कोणत्या बेटानें किती रात्र विकत घ्यावी, हा निर्णय यंत्रविक्या करूं शकत नाहीं. तो त्या बेटावरील माणसांनीं आपल्या गरजा आणि आपली गांठ पाहून करावयाचा असतो. शेवटचे शेंकडा पांच-दहा ढगाळ दिवसही सूर्यावरच काढावयाचे, असा हट्ट धरला, तर त्या थोड्या दिवसांसाठीं बॅटर्‍यांचा ढीग वर्षभर रिकामा बसवून ठेवावा लागतो. त्यापेक्षां त्या दिवसांपुरतें एक लहान जनित्र चालवावें, किंवा त्या दिवशीं वीज जपून वापरावी, हें शहाणपणाचें ठरतें.

जपून वापरण्याच्या बाबतींत टोकेलाऊजवळ एक जुनें धन आहे. तेथें ‘इनाती’ नांवाची चाल आहे. गांवासाठीं धरलेले मासे किनार्‍यावर एकत्र मांडतात आणि प्रत्येक घराला माणसांच्या प्रमाणांत वाटा देतात. म्हातारी असो, विधवा असो, कोणाच्या घरीं मासेमारीस जाणारा पुरुष नसो, वाटा चुकत नाहीं. गांवाचा कारभार वडीलधार्‍यांची सभा पाहते. जमीन थोडी, अन्न थोडें आणि समुद्र लहरी, अशा ठिकाणीं वांटून खाणें ही जगण्याची रीत असते. बॅटरींत सांठलेली वीज ही देखील गांवानें मिळून धरलेली मासळीच आहे. ढगाळ संध्याकाळीं एका घरानें ती भरमसाट उपसली तर पहांटे दवाखान्यांतील औषधांची पेटी बंद पडूं शकते. मोठ्या शहरांत आपल्या दिव्याचा आणि शेजार्‍याच्या दिव्याचा संबंध कोणास दिसत नाहीं; लहान बेटावर तो उघडा दिसतो. म्हणून ज्यांना वांटून खाण्याची संवय आहे, त्यांना अशी वीज चालविणें इतरांहून सोपें जावें.

येथें एक आक्षेप येतो. दीड हजार माणसांनीं डिझेल जाळलें काय आणि न जाळलें काय, पृथ्वीच्या हवेंत त्यानें काय फरक पडणार? हिशोबापुरतें हें खरें आहे. जगाच्या धुरांत टोकेलाऊचा वाटा मोजण्याजोगा नाहीं. परंतु समुद्राची पातळी वाढत आहे, आणि पांच मीटर उंचीच्या भूमीला पळून जाण्यास डोंगर नाहीं. २००५ च्या फेब्रुवारींत ‘पर्सी’ नांवाच्या चक्रीवादळानें या बेटांची मोठी हानि केली होती. धूर दुसर्‍यांचा आणि पाणी यांच्या दारांत, अशी ही स्थिति आहे. अशा लोकांनीं आपला लहानसा धूर प्रथम थांबविला, तर समुद्र थांबत नाहीं हें खरें. पण जगाच्या सभेंत उभें राहून बोलतांना त्यांचा शब्द रिकामा राहत नाहीं.

आणि आतां स्वसत्तेचा प्रश्न. टोकेलाऊ १८८९ पासून ब्रिटिश संरक्षणाखालीं होतें, १९२० नंतरच्या दशकांत त्याचा कारभार न्यूझीलंडकडे गेला, आणि १९४९ पासून तें न्यूझीलंडचा भाग मानलें जातें. न्यूझीलंडशीं सहकार्य राखून स्वतःचें राज्य स्वतः चालवावें काय, यावर तेथें दोनदां मतदान झालें. दोन-तृतीयांश मतें अनुकूल पडावीं अशी अट होती. २००६ सालीं शेंकडा ६० मतें पडलीं. २००७ सालीं शेंकडा ६४ हून अधिक पडलीं, आणि केवळ सोळा मतांनीं अट अपुरी राहिली. आपल्या पायांवर उभें राहतां येईल कीं नाहीं, हा संशय अशा मतदानांत मनांत असणारच. पांच वर्षांनीं त्याच लोकांनीं विजेपुरतें त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास प्रारंभ केला.

तें उत्तर पूर्ण मिळालें, असें मी म्हणत नाहीं. फलक परदेशांत तयार होतात, बॅटर्‍या परदेशांतून येतात, पैसाही बाहेरूनच आला, आणि म्हातार्‍या बॅटर्‍यांचें विषारी शिसेंही पुन्हां त्याच होडक्यांतून बाहेर पाठवावें लागतें. सूर्य आपला, पण सूर्य पकडणारी जाळी दुसर्‍याची! तरीही महिन्याच्या बोटीवर अवलंबून असणें आणि दहा वर्षांनीं येणार्‍या बोटीवर अवलंबून असणें यांत फार मोठें अंतर आहे. दहा वर्षांत मुलें शिकून तयार होतात, वीजतंत्राचें काम हातीं घेतात, आणि गांवाला पैसा बाजूला टाकण्यास अवधि मिळतो. तो अवधि हीच खरी कमाई.

म्हणून अशा बेटांना माझ्या मतें दोन गोष्टी सर्वांहून अगत्याच्या आहेत. पहिली ही कीं, वांचलेल्या तेलाच्या पैशांतून एक ठराविक वाटा दर महिन्यास वेगळा काढून उद्यांच्या बॅटरीच्या नांवें ठेवावा, आणि संकटाशिवाय त्याला हात लावूं नये. दुसरी ही कीं, प्रत्येक गांवांत दोन-चार माणसें तरी अशीं तयार असावीं कीं त्यांना खार्‍या वार्‍यानें गंजलेली जोडणी ओळखतां यावी, बॅटरीची प्रकृति तपासतां यावी, आणि लहान दुरुस्तीसाठीं पुढील बोटीची वाट पाहावी लागूं नये. उद्घाटनाच्या दिवशीं फलकांच्या रांगांचें चित्र वर्तमानपत्रांत छापून येतें; पण व्यवस्था टिकते ती त्या दोन-चार माणसांच्या हातांवर आणि त्या दरमहाच्या वाट्यावर.

टोकेलाऊ या शब्दाचा अर्थ उत्तरेचा वारा असा आहे. त्या वार्‍याच्या आधारानें या लोकांचे पूर्वज तार्‍यांकडे पाहत होड्या हांकीत आले, आणि बारा चौरस किलोमीटर वाळूवर त्यांनीं शतकानुशतकें वस्ती टिकविली. थोडें असेल तें मोजून घ्यावें, वांटून खावें आणि उद्यांसाठीं कांहीं राखावें, ही विद्या त्यांना यंत्रांपूर्वींपासून अवगत आहे. सूर्यशक्ति त्यांच्याकडून याहून वेगळें कांहीं मागत नाहीं. आपल्यासारख्या मोठ्या देशांत सौरफलकांचीं शेतें दिवसेंदिवस वाढत आहेत. तेव्हां त्यांच्याजवळची ही जुनी विद्या आपणांसही शिकावी लागेल, कारण दिवस सर्वांना फुकट मिळत असला, तरी रात्रीची किंमत लहान-मोठ्या सर्वांनाच द्यावी लागते.